पंखे बंद असतानाचा आवाज

९ नोव्हेंबर २००३, रविवार

पठारावरून आत्ता आले. स्वारगेटला कोथरूडसाठी रिक्षा मिळेना, शेवटी बसने. पाय दुखतायत.

ह्यांची तब्येत उतरलीय. चहात दोनदा साखर घातली आणि वर मलाच, 'एवढा गोड का केलास?' झोप नाही म्हणतात. पावसाळ्यापासून धड नाही. पवनचक्क्यांना तिकडे सगळे पंखेच म्हणतात, त्यातला एक आमच्या अंगणासमोर. 'कुणीतरी ओली गोधडी दगडावर आपटतंय असा आवाज. एक आपटली की पुढचीची वाट बघत पडायचं.' हे त्यांचं वर्णन.

मला दोन्ही रात्री गाढ झोप लागली. सकाळी हे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती डोळ्यांसमोरून जात नाही. मी पोटभर जेवले होते आणि ते उपाशी, असं काहीतरी.

१२ नोव्हें.

कॉलेजात आज एका जनरेटरच्या आवाजाची तपासणी. लॅबमध्ये पोरांना तेच शिकवलं जे नोकरीभर शिकवत आलेय: 'आवाज मोठा वाटतो' असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा. घरी आले तर ह्यांचा फोन. 'आज फार मोठा आहे गं.' मी विचारलं, किती? सवयीने गेलं तोंडातून. त्यांनी फोन ठेवला.

परत लावला. उचलला नाही.

१६ नोव्हें., रवि.

ह्या आठवड्यात गेले नाही. मिनूला सांगितलं सगळं. ती हिंजवडीत, अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी, आपण उठतो तेव्हा ती झोपते. ऐकून घेतलं तिने. 'आई, बाबांना इकडे आण, घर विकून टाका. सिंपल.' तिला सगळंच सिंपल.

तिला काय माहीत. हा माणूस नागपूरला गिरणीच्या चाळीत पत्र्याखाली वाढला. उन्हाळ्यात पोरांना झोप लागावी म्हणून सासूबाई सुपाने वारा घालत बसायच्या. हवामान खात्यात लागलो तो वाऱ्यासाठीच, असं हे पाहुण्यांना सांगतात, आणि ते खरं आहे. बरोबरचे लोक निवृत्तीसाठी कोकणात नारळाची झाडं बघत होते. ह्यांनी साताऱ्याच्या वरचं ते उघडंबोडकं पठार निवडलं. का, तर तिथे वारा पडत नाही. घर बांधलं, स्वतः जाऊन राहिले. माझी निवृत्ती मेअखेर, मग मीही कायमची तिकडे, असं ठरलंय. ठरवलं कुणी ते मी कधी विचारलं नाही.

पहिला पंखा उभा राहिला तेव्हा ह्यांनीच गावात पेढे वाटले होते. 'बघ, वाऱ्याची किंमत कळली लोकांना.'

२७ नोव्हें.

हे पुण्यात आले. मी रजा टाकली. पंख्याची तक्रार घेऊन दोघं प्रदूषण मंडळाच्या कचेरीत. साहेब सभ्य, बसा म्हणाले. पंख्यांसाठी वेगळा नियम अजून नाही, राहत्या वस्तीचा जो आहे तोच लावायचा. पण पठारावर नुसत्या वाऱ्याचाच तेवढा आवाज भरतो, म्हणून मोजणी दोनदा. एकदा पंखे चालू असताना, एकदा बंद करून. दोन्हींतला फरक तो पंख्यांचा आवाज. म्हणजे बंद असताना जितकी शांतता, तितका पंखा दोषी. ह्यात गैर काही नाही, मीही असंच केलं असतं.

मग दुसरी अट. वारा सेकंदाला पाच मीटरच्या वर गेला की ते आकडे बाद. वारा माइकवरच आपटतो, खरं काही कळत नाही. आणि पावसात माइक लावायचाच नाही. पंखे ओरडतात ते नेमके पावसाळ्यात आणि मोठ्या वाऱ्यात.

हे शांतपणे म्हणाले, 'म्हणजे पाऊस मोजायचा, तो थांबल्यावर.'

साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण अट बरोबर आहे. रिक्षात ह्यांनी विचारलं, 'बरोबर आहे ते?' मी हो म्हटलं. कर्वे रोड संपेपर्यंत बाहेरच्या पाट्या वाचत होते. मग, 'मला वाटलं तू माझ्या बाजूने आली होतीस.'

२८ नोव्हें.

मिनूच्या हट्टापायी सदाशिव पेठेत कानाच्या डॉक्टरांकडे. तपासून झाल्यावर: 'कान उत्तम आहेत. वयाच्या मानाने जरा जास्तच. ऐकू येतं ही तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिलेच.' झोपेच्या गोळ्या दिल्या. हे गोळ्या टेबलावरच ठेवून संध्याकाळच्या गाडीने पठारावर गेले.

६ डिसें.

दरवर्षी आजच्या दिवशी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर दोघं मिळून मेणबत्ती लावतो. ह्या वर्षी फोनवर. 'लावलीस?' 'लावली.' 'मी पण.' एवढंच बोलणं झालं. बरं वाटलं दिवसभर.

२१ डिसें., रवि.

पठार. हे आता दुपारीसुद्धा झोपू शकत नाहीत. पंखा बंद असला तरी तो कधी सुरू होईल ह्याची वाट बघत पडतात. दाढी करताना गालाला कापून घेतलंय.

शेजारच्या जनाबाईला विचारलं, तुम्हाला नाही का त्रास होत? 'हुतोय की. पन आमचा थोरला तितंच वाचमन हाय न्हवं. कुनाम्होरं बोलायचं?' बरोबरच आहे तिचं.

ह्यांना म्हटलं, महिनाभर चला पुण्याला. 'आणि परत इथे कधी?' मी भाजी चिरत राहिले.

११ जाने. २००४, रवि.

पंख्यांची कंपनी मोजणीला तयार झाली. पंखे बंद ठेवणं म्हणजे त्यांचं नुकसान, म्हणून एका दुपारी, एकच तास. पुन्हा मागायचं नाही असं सगळ्यांकडून लिहून घेतलंय. ह्यांचा आवाज फोनवर केवढा उजळला होता. 'एक तास पुरे आहे. इथली शांतता काय चीज आहे ते कळू दे त्यांना. मग पंखा हलवावाच लागेल.' मेनंतर मागच्या बाजूला तुझ्यासाठी लिंबाचं झाड लावतो म्हणाले. मला लिंबू आवडतं हे त्यांच्या लक्षात आहे, एवढ्यावरच मी खूश.

२२ जाने.

कसं लिहू. सरळच लिहिते.

सकाळी पंखे चालू असतानाची मोजणी झाली. वारा बेताचा होता, आकडे चांगले मिळाले, म्हणजे आमच्या बाजूने चांगले. मोजणाऱ्या एजन्सीचा काळे समजूतदार आहे, आमच्याच कॉ.चा. मी तिथे फक्त घरची बाई म्हणून, हात लावायचा नाही असं ठरलं होतं. माइक ओट्यावर, ह्यांच्या खोलीच्या खिडकीखाली. जागा ह्यांनीच सुचवली, त्यावर सगळ्यांच्या सह्या. आता ती बदलता येत नाही.

दुपारी बंद करायची वेळ. ह्यांनी सकाळपासूनच वस्तीला दम भरून ठेवला होता. जनाबाईच्या कोंबड्या डालग्याखाली. पिठाची गिरणी बंद. फोनचा रिसीव्हर बाजूला काढून, वर उशी. मला बांगड्या उतरवायला लावल्या. कंपनीच्या मॅनेजरला बूट काढायला लावले, तो बिचारा मोज्यांवर उभा. मग स्वतः माइकशेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले, कुणी शिंकेल की काय म्हणून एकेकाकडे डोळे वटारत.

पंखे थांबले. एकदम नाही, पाती रेंगाळत रेंगाळत. आणि मग ती शांतता. मला इतके महिने वाटत होतं, हा आवाज मला ऐकू येत नाही. थांबला तेव्हा कळलं की येत होता.

हे ऐकत होते. कपाळावरच्या आठ्या गेल्या. डोळे मिटले. मला वाटलं पाणी आलं असेल म्हणून मिटले. मग मान कलली आणि घोरायला लागले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. माइकपासून हातभर.

काळेने माझ्याकडे बघितलं, उठवा म्हणून खूण केली. मीटरवरचा आकडा मला उभ्या जागेवरून दिसत होता. चढत होता. मॅनेजरलाही दिसत होता, पण तो कशाला बोलेल.

मी जवळ गेले. खांद्याकडे हात नेला. एवढा थकलेला चेहरा मी ह्यांचा कधी पाहिला नव्हता, आणि एवढा निवांतही. हात मागे घेतला. काळेला मानेनेच सांगितलं, राहू दे.

तास संपला. पंखे फिरायला लागले तसे हे दचकून जागे झाले. 'झालं? शांत होतं ना?'

मी म्हटलं, खूप.

२५ जाने., रवि.

मी उठवू शकले असते. पुन्हा डोळा लागला असता, पण मधली थोडीशी शांत वेळ मिळाली असती आणि तेवढी पुरली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. हे काही नंतर सुचलेलं शहाणपण नाही.

काळेला फोन केला, घोरण्याचा भाग वगळता येतो का बघ. 'मॅडम, मी विचारून पाहिलं. मॅनेजर म्हणतात, घरातल्या माणसांचा आवाज हा तिथला नेहमीचाच आवाज, तो धरायचा. आणि वगळला तर उरतंय काय? काका तासभर घोरत होते.'

आधी हसू आलं. मग रडू, ते आवरेना. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी बेल वाजवली. कांदा चिरतेय म्हटलं. 'असू दे हो. पण कांदा जरा हळू चिरा, आमच्याकडे पाहुणे बसलेत.'

पुन्हा एकदा पंखे बंद करा असा अर्ज टाकलाय. मिळणार नाही.

१३ फेब्रु.

नाही मिळाला. आणि मोजणीचा अहवाल आला. दोन्ही वेळच्या आवाजांत फरक फारसा नाही. पंख्यांचा आवाज मर्यादेत. मी तो तीनदा वाचला, मोजणी म्हणून त्यात एकही चूक नाही. उद्या दुपारी गाडी. त्यांना मीच सांगणार, टपालाने कळायला नको.

१५ फेब्रु., रवि.

सांगितलं. घोरण्याचंही.

'उठवलं का नाहीस?'

'तुम्ही झोपला होतात.'

'ते कळलं. उठवलं का नाहीस?'

'किती दिवसांनी झोपला होतात हो.'

अंगणात जाऊन उभे राहिले. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने आत आले, आवाज जराही न चढवता म्हणाले, 'सुमे, तुला इथे यायचंच नव्हतं. कधीच नव्हतं.'

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. शब्द यायला क्षणभर उशीर झाला. तो उशीर त्यांनी पाहिला. मग कितीही बोलले तरी काय उपयोग होता.

१७ फेब्रु.

खांद्याकडे हात नेला तेव्हा मनात काय होतं? झोपू द्यावंसं वाटलं होतं, हे शपथेवर खरं. पण कुठेतरी आत हेही होतं का, की बरं झालं, आता येतील कोथरूडला? शोधते तर सापडत नाही, आणि नव्हतंच असं म्हणायची छातीही होत नाही. मला कोथरूड आवडतं. भाजीवाली आवडते, कॉ.चा रस्ता आवडतो. हे मी त्यांना एकदा तरी मोकळेपणी सांगायला हवं होतं, भांडायला हवं होतं. आता सांगितलं तर तो कबुलीजबाब होईल. उद्यापासून पोरांच्या तोंडी परीक्षा.

७ मार्च, रवि.

बेल वाजली, दारात हे. एक बॅग. 'झोपायला आलोय.' रस्त्याकडेच्या खोलीत आडवे झाले. खाली सिटी बसचा थांबा, समोर टायपिंगचा क्लास, खालच्या मजल्यावर मिक्सर. ह्या सगळ्यात झोपले. जेवायलाही उठले नाहीत.

१० मार्च

अजून झोपच भरून काढतायत. जागे असले की पेपर. मला 'आपण' म्हणायला लागलेत. 'आपण चहा घेणार का?' चिडून नाही, बँकेतल्या माणसासारखं नीट, सभ्य. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहते. एवढ्या वर्षांत हे मला ओरडले, रागावले, एकदा ताट सरकवून उठून गेले होते, ते सगळं बरं होतं ह्यापेक्षा.

दाढी करताना आता कापून घेत नाहीत. गालावर मांस दिसायला लागलंय. घर माझ्या मनासारखं झालं आणि घरात मला कुणी नाही.

२८ मार्च, रवि.

'पठारावरचं विकून टाकू.' पेपरमधून डोळे न काढता.

मी नको म्हटलं. म्हटलं, मेनंतर मी येते ना, दोघं राहू, कानात कापूस घालून झोपू. 'आपल्याला कापूस कशाला? आपल्याला लागते तिथे झोप.' मग, 'मी वाऱ्याला घाबरायला लागलोय. खिडकी वाजली तरी छातीत धडधडतं. हे मला नाही सहन होत.' हे त्यांनी पेपरालाच सांगितलं, पण माझ्या देखत सांगितलं. मला त्यांचा हात धरायचा होता. धरला नाही, झटकतील म्हणून.

मिनूने कामाला लागून इंटरनेटवर जाहिरात टाकली. 'शांत, हवेशीर, निसर्गाच्या सान्निध्यात.' वाचून दाखवली तशी हे उठून गॅलरीत गेले.

१४ एप्रिल

त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. एकटेच गेले स्टेशनजवळच्या पुतळ्याला. दरवर्षी मी बरोबर असते, ह्या वर्षी चला म्हणाले नाहीत आणि मी चप्पल घालून तयार बसलेली त्यांना दिसली नाही. दुपारी आले. बुंदीची पुडी माझ्या हातावर ठेवली.

१८ एप्रिल, रवि., पठार

गिऱ्हाईक आलंय म्हणून आलो. दलाल शिंदे आणि त्याच्या गाडीतून एक नवरा-बायको, दोघं बाणेरकडची, दोघं आयटीत. बायको म्हणजे मिनूएवढी मुलगी. तिलाही रात्रीची ड्यूटी. घर बघितलं नाही बघितलं, ओट्यावर पाय पसरून बसली. 'काकू, मला बाकी काही नको. दर शनिवार-रविवार इथे येऊन फक्त झोपायचंय हो.'

सकाळपासून वारा पडलेला. इथे असं कधी होत नाही, आज झालंय. एकही पंखा हलत नाही.

'किती शांत आहे इथे,' ती म्हणाली. शिंदे, 'मग! सांगत काय होतो?'

नवरा जरा चौकस. 'काका, ह्या पंख्यांचा आवाज होतो का हो? मी नेटवर कुठेतरी वाचलं.'

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. 'ह्यांना विचारा. आवाजातलं ह्यांना कळतं.'

अहवाल माझ्या पर्समध्ये होता, मिनूने बजावून बरोबर घ्यायला लावलेला. सही-शिक्क्याचा. तो काढून हातात दिला असता की घर आजच गेलं असतं. हे सुटले असते, मीही. आणि मी खोटंही बोलले नसते.

ती मुलगी वर बघत होती. डोळ्यांखाली काळं.

मी म्हटलं, 'अहवाल आहे. आवाज मर्यादेत आहे असं त्यात लिहिलंय. माझ्या नवऱ्याला इथे झोप लागत नव्हती, तेही खरं आहे. तुम्ही वारा सुटेपर्यंत थांबा आणि स्वतः ऐका.' शिंदेचं तोंड बघण्यासारखं झालं.

हे माझ्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी बघितलं. मग त्या मुलाला म्हणाले, 'पश्चिमेचा असतो ह्या दिवसांत. चारपर्यंत सुटेल.'

पाच वाजून गेलेत. सुटलेला नाही. पोरं जनाबाईकडून आलेला चिवडा खातायत. शिंदे गाडीत बसून घड्याळ बघतोय. मी पायरीवर बसून हे लिहितेय, दुसरं काय करू कळत नाही.

आत्ताच हे येऊन शेजारी बसले. मध्ये जागा ठेवून.

'सुटला तर जातील ही माणसं.'

हो म्हटलं.

'मग घर आपल्याच गळ्यात.'

हो.

'आणि मग काय करायचं?'

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही, पण उठूनही गेले नाहीत.

ती मुलगी अंगणाच्या कडेवरून ओरडतेय, काका, सुटला वाटतं, हललं पातं! हललं असेल. चष्मा आत राहिलाय, आणि मला इथून उठायचं नाहीये.